वाचकांचे प्रश्न : अनेक भाषांतली वाहिनी आणि नियमांवरची नजर

एकच वाहिनी अनेक भाषांत दाखवली जाते तेव्हा ती नियम पाळते की नाही हे कोण पाहते, कसे पाहते आणि त्यात चूक झाली तर प्रेक्षकाने काय करायचे, या विषयावरचे प्रश्न आम्ही मागवले होते. मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांनी वाहिन्यांची नावे कळवली होती, पण ती छापलेली नाहीत, कारण एकाच बाजूचे ऐकून कोणाचे नाव जाहीर करणे हे या सदराचे काम नव्हे.

प्रश्न : माझी नातवंडे सुट्टीत आमच्याकडे असतात आणि दुपारी जंगलातल्या साहसांची एक परदेशी मालिका पाहतात. हिंदीत ऐकताना एका प्रसंगात शिवीच्या जागी आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा मी रिमोटने मराठी आवाज लावला, तर त्या प्रसंगात आवाज भलत्याच शब्दावर बंद झाला आणि शिवी मात्र स्वच्छ ऐकू आली. वाहिनीत मराठी कोणी ऐकतच नाही का?
— निवृत्त शिक्षिका, दादर

उत्तर : आपण दिलेली खूण इतकी बोलकी आहे की चूक कोठे झाली असावी याचा अंदाज पत्रावरूनच करता येतो. परदेशी कार्यक्रम वाहिनीकडे आला की तो दाखवण्याजोगा आहे का हे ठरवणारा एक विभाग असतो. त्याला या व्यवसायात 'एस अँड पी' (स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस) म्हणतात. तेथील माणूस कार्यक्रम पाहतो आणि आक्षेपार्ह जागांची यादी करतो. कोठे दृश्य कापायचे, कोठे धूसर करायचे आणि कोठे आवाज बंद करायचा हे तो तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम लिहून नोंदवतो. कापलेले किंवा धूसर केलेले दृश्य सर्व भाषांना आपोआप लागू होते, कारण चित्र एकच असते. आवाजाचे तसे नाही. प्रत्येक भाषेचा आवाज स्वतंत्र पट्टीवर असतो आणि यादी मात्र बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदी ऐकून केलेली असते.

आपल्याकडे दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने जाते. एखादा छोटा शब्द दहा-बारा फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, संपतो. डबिंग करणारा कलाकार पूर्ण वाक्य ओठांच्या हालचालीत बसवतो, परंतु वाक्याच्या आतला प्रत्येक शब्द मूळ जागीच पडेल अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हिंदीची यादी मराठीच्या पट्टीला जशीच्या तशी लावली की आपण ऐकलेत तेच घडते : निरपराध शब्द गिळला जातो आणि नको तो शब्द शाबूत राहतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक भाषेची यादी ती भाषा जाणणाऱ्याने स्वतंत्रपणे ऐकून करावी. दुसरा, आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा, म्हणजे संवादलेखनाच्या वेळीच सौम्य शब्द योजावा, म्हणजे आवाज बंद करण्याची वेळच येणार नाही. डबिंगमध्ये वाक्य मुळातूनच नव्याने लिहिले जाते, त्यामुळे ही मोकळीक असतेच. शिवाय आवाज बंद झाला की मुले नेमके तेथेच "काय म्हणाला?" असे विचारतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

कायद्यापुरते बोलायचे तर भाषेची पळवाट वाहिनीला मिळत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा, १९९५ आणि त्याखालील १९९४ चे नियम यांत कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता दिलेल्या आहेत. मुलांसाठीच्या कार्यक्रमांत अभद्र भाषा नसावी आणि मुलांना अयोग्य असे कार्यक्रम मुले सर्वाधिक संख्येने पाहत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असे कार्यक्रम संहिता सांगते. पहिली भाषा आणि दुय्यम भाषा असा भेद तिच्यात कोठेही नाही. परवानगी वाहिनीला मिळते आणि त्या परवानगीखाली जाणाऱ्या प्रत्येक आवाजाची जबाबदारी तिचीच असते. मनोरंजन वाहिन्यांच्या स्वनियमनात कार्यक्रमांचे सर्वांसाठीचे आणि मर्यादित असे दोन वर्ग केलेले असून दुसऱ्या वर्गातले कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवायचे असतात.

चित्रपटांची गोष्ट याहून कडक आहे. मुंबईतील एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली केवळ प्रौढांसाठीचे चित्रपट घरातल्या पडद्यावर दाखवण्यास मनाई केली, आणि सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने अशा चित्रपटांना दूरचित्रवाणीसाठी वेगळे प्रमाणपत्र घेणे बंधनकारक केले. डब केलेल्या आवृत्तीलाही स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. आपण पाहिलेली मालिका मात्र चित्रपट नसल्यामुळे प्रमाणन मंडळापुढे जातच नाही. तेथे वाहिनीचे स्वतःचे कान हाच पहिला पहारा असतो.

मग मराठी कोणी ऐकते की नाही? पाच भाषांच्या वाहिनीचा दिवस २४ तासांचा नसून आवाजाच्या हिशेबाने १२० तासांचा असतो, आणि आठ तासांची एक पाळी धरली तरी केवळ ऐकण्यासाठी रोज पंधरा पाळ्या लागतील. एवढी माणसे कोणी ठेवत नाही. प्रक्षेपणापूर्वी तपासणी आणि नंतर मधूनमधून नमुना ऐकणे अशीच रीत आहे, आणि ती वाजवीही आहे, पण प्रत्येक भाषेची पाळी खरोखर येत असेल तरच. काही ठिकाणी डबिंग स्टुडिओने आपले काम तपासल्याचे स्वतःच लिहून दिले की तेवढ्यावर भागवले जाते. ज्याने काम केले त्यानेच ते निर्दोष असल्याचा दाखला द्यावा, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. आपण जरूर तक्रार करावी. तिची रीत पुढील एका उत्तरात आली आहे.

प्रश्न : मी माध्यम-अभ्यासाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अंधेरीतल्या एका प्रक्षेपण केंद्रात 'कम्प्लायन्स मॉनिटरिंग'ची नोकरी आहे असे कळले. हे काम नेमके कसले असते? दिवसभर टीव्ही पाहायचा का?
— विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : प्रक्षेपण नियमांत बसते की नाही यावर लक्ष ठेवणे म्हणजे कम्प्लायन्स मॉनिटरिंग, आणि टीव्ही पाहणे हा या कामाचा छोटा भाग आहे. मोठा भाग पुरावा जपण्याचा, जुळवण्याचा आणि मागितला की काही मिनिटांत हजर करण्याचा आहे.

उपग्रह वाहिन्यांना दिलेल्या परवानगीची अट अशी असते की प्रक्षेपित केलेल्या सर्व मजकुराचे रेकॉर्डिंग ९० दिवस सांभाळावे आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मागितल्यास सादर करावे. हे रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला लॉगर म्हणतात. लॉगरचे रेकॉर्डिंग प्रक्षेपणाच्या दर्जाचे नसते. ते हलक्या प्रतीचे, पण चित्र ओळखता येईल, अक्षरे वाचता येतील आणि आवाज समजेल इतपत चांगले असते, आणि त्यावर भारतीय प्रमाणवेळ उमटवलेली असते.

आता हा हिशेब मांडून पाहा, मुलाखतीतही उपयोगी पडेल. सेकंदाला एक मेगाबिट या दराने चित्र साठवले तर दिवसाला १०.८ गिगाबाइट आणि ९० दिवसांना ९७२ गिगाबाइट, म्हणजे ढोबळमानाने एका वाहिनीला एक टेराबाइट जागा लागते. आवाजाची एक पट्टी सेकंदाला ६४ किलोबिट दराने साठवली तर ९० दिवसांना सुमारे ६२ गिगाबाइट होतात. वाहिनी पाच भाषांची असेल आणि चित्राबरोबर पहिल्या भाषेचा आवाज धरलेला असेल तर उरलेल्या चार भाषांना मिळून जेमतेम २५० गिगाबाइट जास्त लागतात. इतकी किरकोळ जागा वाचवण्यासाठी किंवा बऱ्याचदा नुसत्या दुर्लक्षामुळे लॉगर केवळ पहिलीच पट्टी साठवतो अशी मांडणी करून ठेवलेली असते. तक्रार तेलुगू किंवा मराठी आवाजाबद्दल येते, आणि वाहिनीच्या हाती हिंदीचा पुरावा असतो. तुम्ही रुजू झालात तर पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट तपासा : प्रत्येक भाषेची पट्टी साठते आहे का, आणि ज्या पट्टीवर 'मराठी' असे लिहिले आहे तिच्यात खरोखर मराठीच आहे का. पट्ट्यांची अदलाबदल होणे ही या क्षेत्रातली अगदी नेहमीची भानगड आहे.

दुसरे काम जुळवाजुळवीचे. प्रक्षेपण चालवणारी यंत्रणा काय काय, किती वाजता सोडले याची आपली नोंद ठेवते. तिला अ‍ॅज-रन लॉग म्हणतात. ती नोंद म्हणजे यंत्राला काय वाटले त्याची नोंद आहे. प्रत्यक्षात हवेतून परत पकडलेले चित्र वेगळे असू शकते, उदाहरणार्थ जाहिरात सुटली असे नोंदीत दिसते आणि पडद्यावर मात्र तेवढा वेळ काळोख असतो. म्हणून लॉगरचे रेकॉर्डिंग उपग्रहावरून उतरवलेल्या संकेताचे असावे, इमारतीतल्या तारेतून घेतलेले नसावे, असा माझा आग्रह असतो. जाहिरातींची मोजणीही यातच येते. नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, आणि त्यांत १० मिनिटे व्यापारी जाहिरातींची व २ मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची अशी विभागणी आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) ही मोजणी घड्याळाच्या तासानुसार करावी असे म्हटले आणि त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. वाद कसाही सुटो, मोजणी मात्र तुम्हाला मिनिट-सेकंदांसह ठेवावीच लागते.

तिसरे काम सर्वांत कमी दिसणारे आणि सर्वांत महत्त्वाचे. ९० दिवस झाले की लॉगर जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसतो. ८५व्या दिवशी नोटीस आली तर पाच दिवसांत तो भाग बाजूला काढून कुलूपबंद करावा लागतो. वकिलांच्या टेबलावर नोटीस आठवडाभर पडून राहिली आणि तोवर यंत्राने आपले काम चोख बजावले, असे व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे नोटीस ज्याच्या हाती पहिल्यांदा पडते त्याने पहिला फोन लॉगर सांभाळणाऱ्याला करावा, असा लेखी शिरस्ता असलेल्या कंपनीत नोकरी घ्या. रात्रपाळीची तयारी ठेवा, आणि दुसरी-तिसरी भारतीय भाषा कानाला सवयीची असेल तर अर्जात ती ठळकपणे लिहा.

प्रश्न : मालिका चालू असताना आवाज ठीक असतो, जाहिरात लागली की रिमोट शोधत धावावे लागते. यावर नियम नाही का?
— गृहिणी, गिरगाव

उत्तर : आहे. जाहिरातीचा आवाज वाजवीपेक्षा मोठा नसावा असे जाहिरात संहितेत म्हटलेले आहे. अडचण मोजमापाची असते. जाहिरात करणारे आवाजाचे सर्वोच्च टोक मर्यादेतच ठेवतात, पण मधले सगळे हळू आवाज उचलून त्या टोकाजवळ आणून बसवतात, त्यामुळे कानाला ती सबंध तीस सेकंद ओरडल्यासारखी वाटते. यासाठी टोकाऐवजी कानाला जाणवणारी सरासरी मोजण्याचे आंतरराष्ट्रीय परिमाण वापरात आहे. युरोपातल्या प्रक्षेपकांनी २०१० साली ते उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) या पातळीवर ठरवून घेतले. चांगल्या लॉगरमध्ये ही मोजणी प्रत्येक पट्टीची वेगळी होते, आणि व्हायलाही हवी, कारण हिंदीचा आवाज नीट बेतलेला आणि मराठी डबिंगचा दुप्पट चढा, असे एकाच वाहिनीवर सहज घडते. तक्रार करताना मालिकेचे आणि जाहिरातीचे नाव, तारीख व वेळ अवश्य लिहा.

प्रश्न : मराठीत डब होणाऱ्या मालिकांचे मी भाषांतर करतो. पात्र सिगारेट ओढते तेव्हा खाली येणारा इशारा मराठीत देण्याची सक्ती आहे का? स्टुडिओ म्हणतो, चित्रावर हिंदी इशारा आधीच आहे.
— भाषांतरकार, गोरेगाव

उत्तर : सक्ती आहे. तंबाखूविषयक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे इशारा कार्यक्रमाच्याच भाषेत असावा लागतो आणि कार्यक्रम डब केलेला किंवा उपशीर्षकांसह असेल तर डबिंगच्या किंवा उपशीर्षकांच्या भाषेतही तो द्यावा लागतो. मात्र एकाच चित्रावर पाच आवाज जात असतील तर पाच भाषांतले इशारे कोठे मांडायचे, हा प्रश्न खराच आहे. काही वाहिन्या अशी दृश्ये कापून किंवा धूसर करून तो मुळातच टाळतात. आपण आपल्या संवादांच्या संहितेत तशा दृश्यांच्या वेळा लिहून मराठी मजकूर सोबत द्यावा, म्हणजे पुढची जबाबदारी कोणाची हे कागदावर राहील.

प्रश्न : अत्याचार झालेल्या एका मुलीच्या बातमीत एका समूहाच्या हिंदी वृत्तवाहिनीवर चेहरे झाकलेले होते. त्याच समूहाच्या मराठी वाहिनीवर चित्र तेच होते, पण खालच्या पट्टीत चाळीचे नाव आणि वार्ताहराच्या तोंडी वडिलांचे नाव आले. ही कोणती पद्धत?
— वकील, कुर्ला

उत्तर : आपण वकील असल्यामुळे कलमे आपल्याला ठाऊकच असतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात दुरूनसुद्धा ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये असे बजावले आहे. चाळीचे नाव हा त्या चाळीपुरता पुरेसा तपशील होय.

हे घडते ते कामाच्या वाटणीमुळे. चित्र समूहाच्या मध्यवर्ती विभागातून येते आणि तेथे ते धूसर केलेले असते. पट्टीतला मजकूर मात्र मराठी विभागात दुसराच माणूस टंकतो, वार्ताहर फोनवरून थेट बोलतो आणि निवेदकाचे वाक्य तिसऱ्याच्या हातचे असते. हिंदी विभागात सकाळी झालेली सूचना मराठी विभागापर्यंत पोहोचलेली असेलच असे नाही. म्हणून वृत्तवाहिनीवर लक्ष ठेवणाऱ्याने चित्र, निवेदन, स्थिर पट्टी आणि फिरती पट्टी या चारही गोष्टी वेगवेगळ्या धरून, आणि प्रत्येक भाषेत, पाहाव्या लागतात. चित्र पाहून निश्चिंत होणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

थेट प्रक्षेपणात धोका वाढतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे मुंबईतून झालेले थेट वार्तांकन हल्लेखोरांच्या सूत्रधारांच्या कसे कामी आले, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक शब्दांत टीका केली. पुढे २०१५ साली कार्यक्रम संहितेत भर घालण्यात आली, आणि दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचे थेट दर्शन न दाखवता नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वेळोवेळच्या निवेदनापुरतेच वार्तांकन मर्यादित ठेवणे बंधनकारक झाले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयाने वाहिन्यांना याची पुन्हा आठवण करून दिली. अशा वेळी एका भाषेची वाहिनी थांबली आणि दुसऱ्या भाषेची चालूच राहिली तर थांबण्याला अर्थ उरत नाही, त्यामुळे आदेश सर्व भाषांच्या विभागांना एकाच क्षणी जाईल अशी सोय समूहात असलीच पाहिजे.

ती वाहिनी वृत्तप्रक्षेपकांच्या मानक प्राधिकरणाची सदस्य असेल तर वाहिनीनंतर आपल्याला तेथे दाद मागता येईल. हे प्राधिकरण एक लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि एवढ्या रकमेचा धाक कोणाला वाटणार असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच २०२३ साली विचारला होता. दिलगिरी प्रसिद्ध करण्याचा आदेश वाहिनीला अधिक झोंबतो. आपण तशी मागणी केलीत तर ती दिलगिरी मराठीतच, त्याच वाहिनीवर आणि त्याच वेळी दाखवावी असे स्पष्ट लिहा.

प्रश्न : तक्रार करायची तर कोठे? पूर्वी मी मंत्रालयाला पत्र पाठवले होते, उत्तर आले नाही.
— प्रेक्षक, बोरिवली

उत्तर : जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन तीन पायऱ्यांची पद्धत आली. पहिली पायरी वाहिनीच. प्रत्येक वाहिनीने तक्रार-अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करायचा असतो, तक्रार मिळाल्यावर २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर त्यापुढील १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येते. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील तक्रार परिषद आहे, वृत्तवाहिन्यांचे प्राधिकरण वर सांगितलेच आहे. अपिलाचा निर्णय ६० दिवसांत व्हायचा असतो. तेथेही समाधान झाले नाही तर तिसरी पायरी केंद्र सरकारची. जाहिरातींच्या तक्रारी मात्र आपल्या मुंबईतच कचेरी असलेली अ‍ॅस्की ही १९८५ साली स्थापन झालेली परिषद पाहते. दिल्लीत २००८ पासून सरकारचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक माध्यम निरीक्षण केंद्रही आहे आणि शेकडो वाहिन्या तेथे पाहिल्या जातात, परंतु आपली तक्रार तेथे थेट पाठवून पहिल्या दोन पायऱ्या वगळता येत नाहीत. आपल्या जुन्या पत्राला उत्तर का आले नसावे, हे यावरून लक्षात येईल.

तक्रारीत वाहिनीचे पूर्ण नाव लिहावे. एसडी आणि एचडी अशा दोन वाहिन्या असू शकतात आणि दोन्हींवर त्या क्षणी वेगळी जाहिरात असू शकते. तारीख, वेळ, कार्यक्रम आणि आपण कोणत्या भाषेचा आवाज लावला होता हे लिहावे. हा शेवटचा तपशील जवळजवळ कोणीच लिहीत नाही, आणि तो नसेल तर वाहिनी पहिल्या भाषेचे रेकॉर्डिंग ऐकून "असे काही आढळले नाही" असे प्रामाणिकपणे कळवून मोकळी होते. डीटीएच किंवा केबलवर चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते, म्हणून वेळ "९ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास" अशी लिहिली तरी चालते. ९० दिवसांची मुदत लक्षात घेऊन तक्रार त्याच आठवड्यात करावी. रेकॉर्डिंगची प्रत प्रेक्षकाला आपोआप मिळत नाही, ती संस्थेपुढे किंवा सरकारपुढे सादर होते. मोबाइलवर पडद्याचे चित्रण केलेले असेल तर ते जोडावे.

प्रश्न : बोलणे ऐकून आपोआप मजकूर लिहून देणाऱ्या संगणक प्रणाली आता मराठीतही आल्या आहेत. मग प्रत्येक भाषेला माणूस हवाच कशाला?
— संगणक अभियंता, पवई

उत्तर : जागा शोधून देण्यासाठी अशी प्रणाली उत्तम आहे. एखादा शब्द, नाव किंवा ब्रँड ९० दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये कोठे कोठे आला हे पूर्वी पाळ्या लावून शोधावे लागे, ते आता टंकून शोधता येते. ठसा (बोटाच्या ठशासारखी चित्राची किंवा आवाजाची खूण) जुळवून जाहिरात ओळखण्याचे काम, लोगो गेला किंवा चित्र गोठले हे पकडण्याचे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते, कारण त्याला झोप येत नाही.

निर्णयाचे काम मात्र तिच्यावर सोपवू नये असे मला वाटते. वृत्तवाहिनीवर चार माणसे एकाच वेळी बोलत असतात, मालिकेत संवादाखाली संगीत असते, विनोदी कार्यक्रमात मालवणी किंवा वऱ्हाडी येते, आणि तेथे प्रणालीचे लेखन भरकटते. त्याहून नाजूक उदाहरण जाहिरातींचे आहे. चित्राचा ठसा जुळला की यंत्र "हीच ती मंजूर जाहिरात" असे सांगते, पण मराठी आवाजात दावा बदललेला असू शकतो. हिंदीत गुडघेदुखीत आराम देणारे तेल मराठीत गुडघेदुखी कायमची घालवू लागले, तर ती अ‍ॅस्कीच्या संहितेत न बसणारी दिशाभूल होईल, आणि संधिवातासारख्या आजाराचे नाव घेतले तर औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरील १९५४ च्या कायद्याचाही प्रश्न उभा राहील. हा फरक ऐकणाऱ्याला एका क्षणात कळतो. यंत्राने यादी काढावी, त्या यादीतले प्रत्येक ठिकाण भाषा जाणणाऱ्याने ऐकावे, आणि यादीत न आलेलेही थोडे ऐकत राहावे, नाहीतर यंत्राचे काय सुटते हे कधीच समजणार नाही.

प्रश्न : आमच्या केबल नेटवर्कवर आमची स्वतःची स्थानिक वाहिनी आहे. गणपतीची मिरवणूक, मराठी-गुजराती भजने, विभागातल्या दुकानांच्या जाहिराती एवढेच असते. आम्हालाही हे सगळे लागू होते का?
— केबल व्यावसायिक, भांडुप

उत्तर : होते. कार्यक्रम आणि जाहिरात या दोन्ही संहिता केबलवरून जाणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाला लागू आहेत, आणि त्या न पाळल्यास कारवाईचा अधिकार असलेल्यांमध्ये मुंबईत पोलीस आयुक्तांचाही समावेश होतो. याशिवाय ३० नोव्हेंबर २०२२ रोजी मंत्रालयाने अशा स्थानिक वाहिन्यांसाठी, ज्यांना तेथे प्लॅटफॉर्म सेवा म्हटले आहे, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार प्रत्येक वाहिनीची एक हजार रुपये भरून ऑनलाइन नोंदणी करावी लागते. अशा वाहिन्यांची संख्या एकूण वाहिनी-क्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, मात्र जिल्हा पातळीवरच्या स्थानिक मजकुरासाठी दोन वाहिन्यांची जादा सवलत आहे. उपग्रह वाहिनीशी गोंधळ होऊ नये म्हणून पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सेवा' असे लिहावे लागते. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर आपली संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असली पाहिजे, आणि रेकॉर्डिंग येथेही ९० दिवस ठेवायचे आहे.

यासाठी महागडा लॉगर घेण्याची गरज नाही. एक साधा संगणक, आपल्याच सेट-टॉप बॉक्समधून येणारा संकेत पकडणारे कार्ड आणि दोन टेराबाइटची डिस्क एवढ्यात एका वाहिनीचे काम भागते. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील असे ठेवा आणि महिन्यातून एकदा जुन्या तारखेचे रेकॉर्डिंग उघडून ते चालते की नाही हे पाहा. मिरवणुकीच्या थेट चित्रणात ध्वनिक्षेपकावरची गाणीही ऐकू जातात, त्यांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. दुकानांच्या जाहिराती स्वीकारताना मात्र मजकूर दोन्ही भाषांत लेखी घेऊन त्यावर दुकानदाराची सही घ्यावी, आणि गुटखा, मद्य किंवा बाटलीने पाजायच्या बाळदुधाची जाहिरात कितीही ओळखीच्या माणसाने आणली तरी ती घेऊ नये.